पायांपासून वर

विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर
दहा बाय बाराची एक खोली रिकामी
आणि मी हट्टाला पेटलेली:
इथे पाचगणीच्या त्या बंगल्यातला दिवाणखाना हवा.
तोच. वळणदार सोफा, कोरीव खुर्ची,
भिंतीला टेकून उंच आरशाचं टेबल.

आधी दुकानं हिंडले.
हायवेवरच्या गोडाउनात एकाने
नव्या कपाटाला सायकलच्या साखळीने बदडलं,
चहाचं पाणी पाजलं,
बारीक ड्रिलने किड्यांची भोकं पाडली
आणि म्हणाला, बाई, दीडशे वर्षं जुनं, लेखी देतो.
मी म्हटलं, एवढं म्हातारं व्हायला
आमच्याकडे माणसांनाही जास्त दिवस लागतात.

मग मिरजेला दस्तगीर शिकलगार.
घरात तीन पिढ्या सतारी,
हा एकटाच टेबलाखुर्च्यांकडे वळलेला.
फोटो आणा, म्हणाला.
फोटो कुठला आणू?
कॅमेरा निघाला की आम्हाला
मागच्या अंगणात पाठवायचे.
बंगल्याचं आता हॉटेल झालंय,
सामान कुठे गेलं, कुणी सांगत नाही.

म्हणून आईलाच नेलं.
गजराबाई, वय शहात्तर,
एकतीस वर्षं त्या घराची फरशी पुसलेली.

ती त्याच्या भुश्यातच उकिडवी बसली
आणि बोटाने काढायला लागली.
सोफ्याचा पाय म्हणजे वाघाचा पंजा, नखं चार,
पुढच्या डाव्या पायाचं एक तुटकं,
तिथे फडका अडकायचा.
खुर्चीच्या पायाला लाटण्यासारखी गोलाई, वर पाच कडी,
खाली पितळी चाक,
त्यात दिनामायच्या कुत्र्याचे केस.
टेबलाच्या खालच्या फळीला द्राक्षांचा घड,
मणी एकोणीस,
प्रत्येकामागे धूळ, काडीनेच निघायची.
उंची सांगितली वितीने, जाडी चार बोटं.
दस्तगीर लिहीत होता, मध्येच थांबून
तिच्याकडे बघत होता
जसा कुणी बघेल जुन्या कारागिराकडे.

मग विचारलं त्याने,
आणि पाठ? पाठीवर काय कोरलेलं?
आई गप्प.
हात कसे होते? गादीचा रंग?
तिने माझ्याकडे पाहिलं.
मी तर दारातूनच पाहिलेलं,
मे महिन्याच्या सुट्टीत, चपला हातात घेऊन;
मला आठवतो तो नुसता उजेड
आणि आरशाच्या कडेला माझा एक कान.

वरचं फ्रान्सिस पुसायचा, आई म्हणाली.
मी खालची.

अडीच महिने लागले.
पाय तिने सांगितले तसे,
तुटकं नख तर त्याने
फोनवर तिला विचारून तोडलं.
गुडघ्याच्या वर मात्र त्याच्या हातांना
जे येत होतं तेच आलं:
भोपळ्याच्या पोटासारखी फुगीर पाठ,
सतारीच्या गळ्यावरची वेल,
आणि हातांच्या टोकाला, का कोण जाणे,
खुंट्या. फिरत नाहीत. मी बघितल्या फिरवून.

सोफा जिन्यात मावेना.
सोसायटीचे कोरेकाका
परवानगी कुणाची, परवानगी कुणाची करत राहिले
तोवर तो दोरीने गॅलरीतून आत आला,
पंजे पुढे करून.

आईने खोलीला एक फेरी घातली
आणि जमिनीवर बसली.
मी म्हटलं, अगं वर बस.
थांब, म्हणाली. नख चाचपलं.
घडाचे मणी मोजले.
फळीमागून बोट फिरवून बघितलं,
बोट कोरं.
जरा वेळ तशीच, कोऱ्या बोटाकडे बघत.

मग तिथूनच मान वर करून
वेल बघितली, पानं बघितली,
हळूच म्हणाली,
असं होतं होय वर.

मी काही बोलले नाही.

खुर्चीवर सध्या इस्त्रीचे कपडे असतात.
आरशात गॅलरीतली वाळवणं दिसतात.
बँकेतले लोक येतात, टकटक वाजवून बघतात,
विचारतात, ओरिजिनल आहे का?
गुडघ्यापर्यंत, मी सांगते.