सतरा

हेल्वीच्या गमबुटाखाली शेवाळ दबतं,
पाणी कुरकुरतं, मग पाऊल सोडून देतं.
डास कानाशी. लार्चच्या विरळ सावलीत ती वाकते:
"जपून. न फुललेलीही आहेत पायाखाली."

पिवळ्या मोजड्या,
कुणी घाईत काढून ठेवल्यासारख्या
आणि पुढे घर नाहीच.

पंधरा वर्षं लागतात म्हणे एका फुलाला.
ती मोजते आईच्या फिनिशमध्ये, ओठांतल्या ओठांत.
गेल्या जूनला एकोणीस.
आज सतरा,
आणि दोन चौकोनी खड्डे, कडा ताज्या.

ती काहीच बोलत नाही.
मूठमूठ शेवाळ भरते त्यांत,
तापल्या कपाळावर ओली घडी ठेवावी तसं.

गाडीत बसल्यावर वही उघडते.
जागेपुढे लिहिते:
इथे काही नाही.
अक्षर नेहमीपेक्षा सुबक.