मिरचीच्या पथारीवर

हंगाम संपला की नंदुरबारबाहेरच्या
मिरचीच्या पथाऱ्या रिकाम्या पडतात.
मातीत देठ, बिया, फिकट लाल टरफलं,
आणि वाऱ्यात अजून शिंक शिल्लक.
तिथेच भटेसिंग आप्पांनी वळणं मांडली,
तीन रबरी कोन, बाकी तेलाचे डबे.

माझ्या जुन्या स्विफ्टचा एबीएसचा फ्यूज
पहिल्याच दिवशी चिमट्याने उपटला,
खिशात टाकला, तंबाखूच्या डबीशेजारी.
समोर पिवळा दिवा लागला, तो लागूनच राहिला.

"दाबानं नही पोरी.
ब्रेकले इचारानं: आखो कितलं?"

मी विचारलं नाही. लाथ घातली.
चाकं थांबली, गाडी नाही.
स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि आम्ही सरळ,
चौथ्या डब्याच्या पोटात.
आप्पा खाली उतरले, चाकापुढचा ढीग दाखवला:
अडकलेलं चाक मातीत स्वतःच बांध घालतं
आणि त्यालाच टेकून थांबतं.
मशीनला हे कोण शिकवणार?

वजनकाट्यापुढच्या काँक्रीटवर मात्र
बांध नव्हता. नुसती किंकाळी,
आणि घरी जाताना एक टायर लंगडत होता,
घासून एका जागी सपाट.

चैत्रभर तेच. बेचाळीस डिग्री,
पॅडचा जळका वास, तेल उकळून मऊ पडलेलं पेडल.
आधी हलकं, नाक खाली झुकेपर्यंत,
वजन पुढच्या चाकांवर येऊन बसेपर्यंत,
मग घट्ट.
टायर कुरकुरू लागला की तिथेच,
रडू लागला की गहूभर मागे.
आणि वळणात शिरताना, चाक वळेल तेवढाच
पाय सोडायचा, विहिरीवरचा दोर सोडतात तसा,
सरसर नाही.

एक दिवस जमलं. आप्पा काहीच बोलले नाहीत,
डबे अजून जवळ सरकवले.

नवापूरला त्यांच्या भाच्याकडे निघालो होतो.
कोंडाईबारी घाटात, उताराच्या वळणापलीकडे
पिकअप आडवा, आणि रस्ताभर पपया.
फुटलेल्या, केशरी, काळ्या बियांच्या,
मधोमध एक पोरगा, हातात दोन.

कसलं हलकं, कसलं घट्ट.
मी पुन्हा लाथ घातली.

आणि पेडल उलटून बोललं,
तळपायाखाली तडतडतडतड,
आतून कुणी दार ठोठावावं तसं,
आणि स्टिअरिंग वळवलं, तर गाडी वळली.
पोरगा उजव्या काचेतून गेला,
तोंड उघडं, पपया हातातच.

इंजिन बंद पडलं. आप्पांचा उजवा पाय
अजून रबरी मॅटवर रोवलेला,
तिथे काहीच नव्हतं तरी.

किल्ली फिरवली. पिवळा दिवा लागला,
आणि बाकीच्या दिव्यांबरोबर विझला.
असा किती दिवस विझत होता, कुणास ठाऊक.
मी समोरच पाहत आले इतके दिवस.

आप्पा काही बोलले नाहीत.
खिशात हात घातला, डबी काढली.
खिसा उलटा होऊन बाहेर आला.
नुसती तंबाखूची भुकटी.