आगपेटीएवढं

गान्याचं यंतर. शेंदूरजन्याच्या बाजारात घेतलं, साडेचारशेचं.
इरफान म्हने, वापरून पाह्य,
नाई पटलं त आन वापस.

म्हून आठ दिवस पाह्यलं.
खिशात खर्‍याच्या पुडीसंग मावते.
बटना आंगठ्याले समजतात,
बोटं संत्र्याच्या मेनानं चिकट असले तरी.
सकाळी सातले पेट्या ठोकाले बसलो,
चार्जिंग पुरली थेट दिवेलागनीपरंत.
लाईन दोनदा गेली, हे नाई गेलं.

खोट बी हाये. पडदा नाई,
कोनतं गानं येईन समजत नाई.
एका कानात बोंडूक घातलं
का मुकादमाचं आयकू येत नाई.
हे खोटीत धरावं का नाई,
अजून ठरलं नाई.

आन् परवा, दोन गान्याच्या मंधात,
पंचफुला.
"सत्तर, एकाहत्तर, हे चुरी हाये, बाजूले टाक,
बाहत्तर..."

कवातरी भलतंच बटन दबलं असन.
तीन हातावर बसते ते,
दोन हंगाम झाले, आमी बोललो नाई.

इरफान पुसते, ठेवतो का देतो वापस?
म्या म्हनलं,
आवाज साफ हाये.