एक मणका

कारोंगाच्या पश्चिमेला लाल माती
पावलांना चिकटून घरात येते, अंथरुणातही निजते.
तिथे तुसेकिलेच्या अंगणात तो पडून होता.
दगड म्हणा, पाट म्हणा.
त्यावर बसून तिने तीस वर्षं कसावा सोलला.
मधोमध खोलगट झालेला.
आम्ही म्हटलं, झीज.
ती म्हणाली, मी.

मी तेव्हा नोंदवही धरणारा पोरगा.
साहेबांनी गुडघे टेकून ब्रशने माती झाडली,
म्हणाले, बाई, हा मानेचा मणका.
पाला खाणारा होता, मान शेंड्यांपर्यंत जायची,
हे सरोवर तेव्हा जन्मलंसुद्धा नव्हतं.

बाकीचा कुठाय?

बाकीचा नाही.
हा एक, ओढ्यात मिळालेले दोन दात,
आणि शेपटीचा तुकडा, तोही बहुधा दुसऱ्याचा.

मग मान लांब होती कशावरून?

साहेबांनी बोटाने हवेत रेघ ओढली,
मणक्यापासून आंब्याच्या फांदीवरून
शेजाऱ्याच्या पत्र्यापलीकडे, थेट पाण्याकडे.
आम्ही सगळे माना वर करून ती रेघ बघत राहिलो.
एक शेळीसुद्धा.

तुसेकिले आत गेली, बिस्किटांचा गंजका डबा घेऊन आली.
जोहान्सबर्गच्या खाणीतला नंबराचा पितळी बिल्ला.
शर्टाचं एक बटण.
वाळवीने अर्धं खाल्लेलं पत्र,
‘पुढच्या पावसाआधी’ इथे तुटलेलं.
अंबोकिले. लग्नानंतर चौदा महिन्यांनी गेला.
असे जातात त्यांना इथे मचोना म्हणतात,
हरवलेले. मेलेले नव्हे.

‘एवढ्यावरून मी त्याला पुरा केला,’ ती म्हणाली.
‘आता पोट सुटलंय, एका कानाने कमी ऐकतो.
भांडायचा फार. तेवढं मी घातलं नाही.’

साहेब ब्रश झटकत बसले,
त्यावर माती नव्हती तरी.

मणका पोत्यात, प्लास्टरात गुंडाळून ट्रकमध्ये चढला.
बदल्यात तिने खुर्ची मागितली. निळी, प्लास्टिकची.
पहिल्याच उन्हाळ्यात तिचा पाय मोडला.

संग्रहालयात आता तो उभा आहे:
राखाडी प्लास्टरचा डोंगर, त्यात एक तपकिरी ठिपका.
उद्घाटनाला सगळे डोक्याकडे बघत होते,
जे कुणी पाहिलेलं नाही.
ती ठिपका शोधत होती.
सापडल्यावर म्हणाली, फार उंच लावलात.

नोंदवहीत एक रकाना असतो, ‘झीज, कारण’.
मी तिथे तिचं नाव लिहिलं होतं.
नंतर कुणीतरी खोडून
‘पाणी, वारा’ केलंय.