पाचवी ओळ

मठाच्या वहीत मेलेल्याला चार ओळी मिळतात.
पाचवी नाही, हा जुना रिवाज.
नवे मठप्रमुख म्हणाले, नेर्मिन, तुझं अक्षर बरं आहे,
तूच लिही.
मी खरं तर वायरिंग बघायला आलो होतो.
खिशात टेस्टर, बोटांना चिकटपट्टीचा वास.

लिहिलं :
फ्रा येरको, लोहाराचा मुलगा, गाव पोदब्रीयेग.
अकराव्या वर्षी मठात, तेविसाव्या वर्षी व्रतं.
लॅटिन आणि पदार्थविज्ञान, एकेचाळीस वर्षं.
फेब्रुवारीत गेले, झोपेत.

जागा संपली.

दगडाची खाण त्यात मावली नाही.
राज्य बदललं, शाळेला कुलूप लागलं,
आणि त्यांना चार वर्षं खडी फोडायला धाडलं.
परतले तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं वाकत नव्हती.
म्हणायचे, मी मुळातला डावखुरा,
लहानपणी झोडपून उजवा केला होता मला,
खाणीने हिशेब चुकता केला.
मग फळ्यावर डाव्या हाताने लिहीत,
आणि झग्याची ढगळ बाही मागोमाग सगळं पुसत जाई.
आम्ही भरभर उतरवून घ्यायला शिकलो ते त्यामुळे.
बाकाचं डावं टोक डावखुऱ्यांसाठी राखीव.
तिथे मी बसायचो.

आमच्या बोस्नियात या तपकिरी झगेवाल्यांना
फादर कुणी म्हणत नाही. उयाक म्हणतात,
म्हणजे मामा.
सुलतानाचे शिपाई दार ठोठावून विचारत,
रात्री कोण आलंय घरात?
बायका सांगत, कोण असणार, मुलांचा मामा.
शिपायांचाच मामा होऊन जाई.
माझी आई मशिदीमागच्या गल्लीतली,
तीही त्यांना मामाच म्हणे.
तिला सख्खा भाऊ नव्हता.

युद्धाच्या दुसऱ्या हिवाळ्यात शाळा तळघरात भरली,
आलुबुखाराच्या दारूच्या पिंपांमध्ये.
नऊ पोरं आणि वेदीवरून आणलेली एक मेणबत्ती.
डोंगरावर तोफ सुटल्याचा ठोका,
मग गोळा फुटल्याचा.
मधले सेकंद मोजा, म्हणायचे,
घाबरायचंच तर हिशेब करून घाबरा.
एकदा लूयोचं उत्तर आलं शंभर मीटर.
शंभर मीटरवर त्याची गल्ली होती.
फ्रा येरकोंनी पाटी पुसली,
त्याला आपल्या शेजारी बसवून घेतलं,
झग्याचं टोक त्याच्या गुडघ्यांवर ओढलं,
आणि लॅटिन काढलं.

विभक्ती सहा. पाचवी हाक मारायची.
ही सोपी, ते म्हणाले, बहुतेक शब्द बदलत नाहीत,
ज्याला हाक मारायची तो आहे तसा चालतो.
आपल्या भाषेत मात्र बदलतात, कारटा लूयो म्हणाला,
रडून झाल्यावर,
उयाकचं उयाचे होतं.
बरोबर, म्हणाले. दहापैकी दहा.
त्यांनी कुणाला दहा दिलेले
मी त्याआधी पाहिले नव्हते. नंतरही नाही.

शेवटी शेवटी नावं गळाली.
पोस्टमन, डॉक्टर, दाताची कवळी बसवणारी बाई,
सगळ्यांना एकच हाक, भाच्या.
बिशप भेटायला आले, त्यांनाही भाच्या,
आणि वर, वही कुठाय तुझी?
बिशपांनी खरंच खिसे चाचपले, असं स्वयंपाकी सांगतो.
मी गेलो त्या दिवशी माझा डावा हात
उलटासुलटा करून पाहिला त्यांनी,
तळव्याच्या कडेला शाईचा डाग शोधत.
आता तिथे सोल्डरचा चटका आहे.
चालेल, म्हणाले.

वही मिटण्याआधी
चौथ्या ओळीखाली, समासात,
पेन्सिलीने अगदी फिकं लिहिलं : उयाचे.
हात पुढे सरकला तशी बाही त्यावरून गेली.
थोडं पुसलं. थोडं दिसतं.

मग ग्रंथालयातला दिवा पाहिला.
फ्यूज नव्हता गेला,
होल्डरच सैल होता.