मीठ चालतं

आमच्या देशाला समुद्र नाही.
तरी भेटलो की आम्ही म्हणतो, आहोय!
गलबतावरून गलबताला घालावी तशी साद,
ऑस्ट्रावाच्या ट्रामथांब्यावर, कोळशाच्या जुन्या वासात.

मग लुबोरनं समुद्र आणला.
सहाव्या मजल्यावर, बादल्या-बादल्यांनी,
गाळलेल्या पाण्यात पिशवीतलं मीठ ढवळून.
तीनशे लिटर. दोन विदूषक मासे, एक कोळंबी,
आणि एक प्रवाळ, जे बघून
मला माणसाचा कानच आठवतो.

खाल्ल्या मिठाला माणूस जागतो.
हे मीठ कुणाला जागत नव्हतं,
नुसतंच जागत होतं रात्रभर, आणि चालत होतं
काचेच्या कडेवरून, पंपाच्या वायरीवरून,
पांढरं, बारीक, पिठीसाखरेसारखं,
कपाटातल्या प्लगांच्या दिशेनं.
मी पुसायची.
पुढच्या आठवड्यात ते पुन्हा तिथंच.

नोव्हेंबरात, रात्रपाळीहून आले,
गोगलगाय उलटी पडलेली दिसली, म्हणून पाण्यात हात घातला.
बोटाला कागदानं कापलेलं.
नेमकं तिथंच काहीतरी चावलं, दात नसलेलं.
जखमेला मीठ झोंबलं, लुबोर म्हणाला.
मी तीस वर्षं लोकांच्या जखमा धुते आहे.
मीठ झोंबतं ते पसरत जातं.
हे थरथरत होतं.

दुसऱ्या मजल्यावरचे ओताकार आले,
घरून आणलेल्या रबरी सपाता पायात घालून.
जन्म खाणीत गेला, वायरमन म्हणून;
तिथं पहिली ठिणगी हीच शेवटची.
माशांकडे त्यांनी बघितलंच नाही.
कपाट उघडलं, गुडघ्यांवर बसले.
"हे कुणी केलं?"
लुबोर, बावन्न वर्षांचा,
गृहपाठ विसरलेल्या मुलासारखा उभा.

हीटरच्या काचेला केसाएवढी चीर.
"मग मासे कसे जगले?" मी विचारलं.
"तारेवर पाखरू बसतंच ना?
विजेला त्याच्यातून पुढं जायला वाट नसते.
तुमच्यातून होती. फरशी ओली होती
आणि तुम्ही अनवाणी."

हीटर कचऱ्यात. प्लगांची पट्टी
टाकीखालून काढून बाजूच्या भिंतीवर, उंच.
प्रत्येक वायरीला त्यांनी पोट सोडलं,
सॉकेटच्या खाली लोंबणारं.
"थेंब वायरीवरून येणारच. त्याला अडवू नका.
पडायला जागा द्या."
शेवटी एक खटका बसवला,
किती वीज गेली, किती परत आली, एवढंच मोजणारा.
हिशेबात चिमूटभर तूट आली की तो विचारत बसत नाही.
"आणि हात घालण्याआधी सगळं बंद.
सगळं म्हणजे दिवासुद्धा."

जानेवारीत आम्ही बहिणीकडे, डोंगरात, दोन दिवस.
परतलो तर घरात आवाज नव्हता.
दिव्याच्या सांध्यात मीठ शिरलं होतं,
खटक्यानं आपलं काम केलं होतं,
आणि पंप, हीटर, समुद्र, सगळं थांबलं होतं.
कोळंबी आडवी. एक मासा तरंगत.
दुसरा कोपऱ्यात, कल्ले मारत.

लुबोर बराच वेळ जाळी हातात धरून बसला.
"हे तुमच्या खटक्यानं केलं," तो ओताकारना म्हणाला.
मला वाटलं, म्हातारा आता भडकणार.
त्यांनी नुसता चष्मा पुसला.
"चूक माझी. सगळा भार एकाच खटक्यावर टाकला.
अर्धा इकडं, अर्धा तिकडं हवा होता.
खाणीत मी असं कधी केलं नसतं."
आणि संध्याकाळी दुसरा खटका घेऊन आले.
पैसे घेतले नाहीत. चहाही नको म्हणाले.

आता दर शनिवारी मी पायात सपाता घालते,
दोन्ही खटक्यांची चाचणीची बटणं दाबते.
खट्. खट्.
पाणी निवतं, खोली काळी होते,
फ्रिजची घरघर ऐकू येते, शेजारच्यांचा खोकला.
कोरड्या हातानं मी मीठ खरवडते,
मग बाह्या वर.
तेवढ्यात तो उरलेला एकटा
अंधारातून वर येतो, माझ्या बोटांपाशी, तोंड उघडून.
हात आत येण्याआधी नेहमी अंधार होतो,
आणि हाताबरोबर कधीकधी खाऊ.
त्याला एवढंच माहीत आहे.