झुंबर

पावतीपुस्तक अजून माझ्याकडे आहे.
कार्बनची निळी अक्षरं: केबल ऐंशी, झुंबर पंधरा.
वरच्या ऐंशीत अख्खी दुनिया दिसायची,
खालच्या पंधरात फक्त विटा.

इलाही तांबोळीनं ते सुरू केलं
पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत.
दोन व्हीसीआर, एक पंखा,
आणि पंखा व्हीसीआरसाठी, माणसांसाठी नव्हे.
सातला गिरणी थांबली की आम्ही सुरू.
तोवर कॅसेटींवर पिठाची साय धरलेली,
ती मी सदऱ्याच्या टोकानं पुसायचो.

आधी सोन्याचा भाव.
मग वाढदिवस, हरवलेली शेळी,
यंत्रमागावर कामगार पाहिजेत,
कुणाच्या तेराव्याची वेळ,
मग पिक्चर. मधेच लाईट गेली
तर उद्या तिथूनच पुढं.

ज्यांनी पंधरा दिले नाहीत
त्यांच्या वायरीवर इलाही पितळेची एक डबी बसवायचा.
ती चित्र अडवायची. आवाज तिला अडवता आला नाही कधी.
म्हणून गावात दोन जातीची माणसं झाली,
पाहिलेली आणि ऐकलेली.
खालच्या आळीतली पोरं
मुंग्या आलेल्या पडद्यासमोर बसून हाणामारी ऐकायची,
आणि खरं सांगतो,
शाळेत स्टोरी तीच चांगली सांगायची.

शुक्रवारी फर्माईश.
निम्म्या विट्याचे कर्ते पुरुष तेव्हा गलाईवर,
कोईमतूर, कटक, कुठल्या कुठल्या पेठेत
भट्टीपुढं बसलेले.
फोन बायकांचे यायचे.
रत्नमाला घोरपडे दर महिन्याला एकच मागायची,
स्वतःच्या लग्नाची कॅसेट.
वीस मिनिटं. त्यात नवरा दोनदाच कॅमेऱ्याकडं बघतो.
कधी बघतो ते सगळ्या गावाला पाठ झालेलं.
शेजारणी अगोदरच म्हणायच्या, आत्ता बघ, आत्ता.

एकदा टेप नेमकी तिथंच अडकली
आणि तो पाऊण मिनिट बघतच राहिला,
थरथरत, तोंडावर आडव्या रेघा घेऊन.
इलाही उठला. मी म्हटलं, राहू द्या.

दुसऱ्या दिवशी वसुलीला गेलो
तर तिनं विसाची नोट दिली,
सुटे मागितले नाहीत.

बंद कसं पडलं, विचारतात.
भांडण नाही, आग नाही, पोलीस नाहीत.
सांगलीहून एक टेम्पो आला, त्यात काळे खोके.
घरटी एक.
चारशे चॅनल मावले त्यात.
आमच्या जागेचं वर्षाचं भाडं
खालची गिरणी विकूनही भागलं नसतं.
इलाही म्हणाला, लेका,
पंधरा रुपयांत त्या खोक्यात डोकंसुद्धा घालता येत न्हाय.

शेवटच्या रात्री त्यानं भाव दाखवला,
एक बारसं, एक तेरावं,
मग कॅमेरा खिडकीतून चौकाकडं वळवून ठेवला
आणि आम्ही जेवायला गेलो.
लोक रात्रभर रिकामा चौक बघत बसले.
अडीच वाजता म्हणे एक कुत्रं गेलं.
त्या कुत्र्यावर बरेच दिवस बोलणं चालू होतं.

वायरी उतरवायचं काम माझ्याच गळ्यात.
रत्नमालाच्या भिंतीला शिडी लावली तर आतून म्हणाली,
तेवढी ऱ्हाऊ दे, वाळत घालाय होतीय.
खरंच, वायरीवर टॉवेल, परकर,
आणि पुरुषाचा एक सदरा,
घडीच्या खुणा तशाच,
न घालताच धुतलेला.
मी शिडी काढली.

तिची कॅसेट माझ्या ट्रंकेत. बुरशीनं पांढरी पडलीय,
आणि लावायला गावात यंत्र उरलं नाही.
परवा आठवडी बाजारात भेटली.
मेथीची जुडी हातात धरून म्हणाली,
माझे काय राहिले होते का रे द्यायचे?
नाही म्हटलं.
उलट तुमचेच पाच रुपये
आमच्याकडं आहेत.